कॉलम बसेपर्यंत

माझ्याच पोरीनं माझं डिपार्टमेंट बुडवलं आणि त्याच्या बदल्यात उभ्या राहिलेल्या इमारतीची फीत कापायलाही विद्यापीठानं तिलाच बोलावलं. आता बोला! वर कुलसचिव मला फोन करून म्हणतात, "मॅडम, तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!" वाटतो ना. वाटतो म्हणून तर पंचाईत आहे. नुसता राग असता तर दार लावून घरी बसले असते.

मी पद्मावती मगदूम. कृष्णाकाठच्या आमच्या विद्यापीठातल्या केमिकल इंजिनिअरिंग विभागाची शेवटची प्रमुख. शेवटची म्हणजे अगदी शेवटची. माझ्यानंतर खुर्ची नाही आणि दारावरची पाटीही नाही. पोरं माझ्या माघारी मला 'बॉयलर' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि आवडायचंही, पण तसं दाखवलं असतं तर म्हणायची बंद झाली असती.

विभागाच्या मागच्या अंगाला आमची प्रयोगशाळा. दोन मजले उंच, मधोमध डिस्टिलेशनचा कॉलम. तो उभा केला आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भूपाल मगदूमांनी. मी इथं नवीन शिकवायला लागले तेव्हा ते मला सीनियर होते, म्हणून 'सर' म्हणायची. ते तोंडात बसलं ते बसलंच. पुढं लग्न झालं, पोरगी झाली, तरी स्वयंपाकघरात माझं आपलं 'सर, जरा मीठ द्या'. त्रिशला, आमची एकुलती एक, लहानपणी हसून लोळायची.

कॉलम म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली कुणाला सांगावंच लागतं. पाणी आणि स्पिरिट एकत्र झालं तर वेगळं कसं करायचं? उकळायचं. स्पिरिट आधी उडतं, पण एकटं उडत नाही, थोडं पाणी संगती घेऊन जातं. म्हणून उंच नळकांडं घ्यायचं आणि आत एकावर एक भोकांच्या ताटल्या बसवायच्या. खालून वाफ चढते, माथ्यावर थंड होते, द्रव होऊन पुन्हा खाली उतरते. प्रत्येक ताटलीवर वर जाणारी वाफ आणि खाली येणारा द्रव यांची गाठ पडते. वाफ आपल्यातलं पाणी तिथं ठेवते, द्रव आपल्यातलं स्पिरिट तिच्याकडे देतो. असं होत होत सगळ्यात वरच्या ताटलीवर जवळजवळ निव्वळ स्पिरिट जमतं. पण सुरुवातीला त्यातलं काहीही काढून घ्यायचं नाही. जेवढं वर गेलं तेवढं सगळं परत खाली सोडायचं. कित्येक तास हेच. मग हळूहळू प्रत्येक ताटलीचं तापमान ठरतं आणि हलायचं थांबतं. लागोपाठ तीन वेळा तेच आकडे आले की आम्ही म्हणायचो, कॉलम बसला.

सरांचे नियम दोन. कॉलम बसेपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि कॉलम बसल्याशिवाय आकडा कुणाला सांगायचा नाही. शिवाय सगळ्यांचे मोबाइल भिंतीवरच्या वेताच्या टोपलीत. मग एवढे तास पोरं करणार काय? बोलायची. भडंग खायची आणि बोलायची. भांडलेली पोरं तिथं बोलती झाली. एकानं तिथंच कबूल केलं की त्याला इंजिनिअर व्हायचं नाही, तालमीत जायचं आहे. आणि आमचं लग्नही तिथंच ठरलं. काचेतून उकळणाऱ्या ताटलीकडे बघत सरांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला कांदा-लसूण चालतं का?" आम्ही दोघंही जैन, पण मी हॉस्टेलवर राहून बिघडलेली. मी म्हटलं, "तुम्हाला चालत नसेल तर नाही चालत." झालं. एवढंच.

आणि मग आमच्या कार्टीनं हॉलंडमध्ये बसून पडदा शोधला.

दिसायला काही नाही, लाटलेल्या पातळ पापडासारखा पारदर्शक तुकडा. पण त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं आणि त्या भोकांना चिमूटभर वीज देऊन त्यांचा आकार आणि ओढ दोन्ही बदलता येतात. संगणकाला सांगायचं, या मिश्रणातलं मला अमुक पाहिजे. तो भोकं तशी जुळवतो. तेवढाच रेणू पलीकडे जातो, बाकीचे अलीकडे. उकळणं नाही, वाफ नाही, कोळसा नाही. आणि थांबणं नाही.

पाचसहा वर्षांत जग बदललं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतले मनोरे कापून भंगारात गेले. रिफायनरीत जे काम करायला टोलेजंग उंचीचे कॉलम लागायचे ते कपाटाएवढ्या पेटीत व्हायला लागलं. हळदवाले बांधावर बसून हळदीचं सत्त्व काढायला लागले. माझी नणंद डायलिसिसला सारखी मिरजेला जायची, अर्धमेली होऊन यायची. तिचं मशीन आता तिच्या कमरेच्या पट्ट्यात आहे आणि ती नातवाला घेऊन बाजार हिंडते. तेव्हा माझ्यासमोर कुणी पडद्याला नावं ठेवली तर मी त्याची खरडपट्टी काढते. माझा विभाग त्यानं खाल्ला हे खरं. पण खाल्ला तो योग्यच कारणासाठी.

विभागाचं मात्र हसं झालं. यंत्रच डिझाइन करतं, पडदाच वेगळं करतो, मग आम्ही शिकवायचं काय? वर्ग रिकामे होत गेले. मागच्या वर्षी एकच मुलगी प्रवेशाला आली आणि तीही फॉर्मवर चुकीच्या ठिकाणी टिक केली म्हणून. मी तिला चहा पाजला आणि योग्य विभागात नेऊन सोडलं. मग ठराव झाला: विभाग बंद, शेजारी नवं पृथक्करण केंद्र, जुनी प्रयोगशाळा पाडायची. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसकटरवाले यायचे होते.

याचं मला दुःख होतं, पण मी त्यातून बाहेर आले असते. माझं दुखणं वेगळंच होतं. सर जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या कार्याला त्रिशला आली, दहा दिवस खाली मान घालून बसली, आणि गेली ती पुन्हा घरी आलीच नाही. रविवारी फोन यायचा. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, तिकडे ऊन फार आहे का. मी चुकून सरांचं नाव काढलं की, "आई, दारावर कुणीतरी आलंय, ठेवते." हॉलंडमध्ये त्या दारावर नेमकं त्याच वेळी कोण येत होतं देव जाणे. मला माझी पोर पाहिजे होती. पेपरातली नको, शाल घेतलेली नको. माझ्या शेजारी स्टुलावर बसून पाय हलवणारी, डोकं खाणारी पोर पाहिजे होती. रोज पाहिजे होती. कुणाला सांगणार?

उद्घाटनाला ती आली तीसुद्धा आदल्या रात्री, आणि उतरली विद्यापीठाच्या गेस्ट हाउसमध्ये. घर तिथून हाकेच्या अंतरावर.

"आई, टीम आहे गं बरोबर."

"टीमला पण घेऊन ये. गाद्या आहेत."

"नको. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी! मी फोन ठेवला आणि सिकंदरभाईंना लावला. सिकंदर मुल्ला आमचे बॉयलरवाले, प्रयोगशाळेत माझ्याइतकेच जुने. मी म्हटलं, "सिकंदरभाई, उद्या सकाळी बॉयलर पेटवा. शेवटचा कॉलम चढवायचा." ते म्हणाले, "मॅडम, मी वाटच बघत होतो तुम्ही कधी सांगताय त्याची."

सकाळी समारंभ झाला. कुलगुरूंनी 'युगप्रवर्तक' हा शब्द इतक्यांदा वापरला की शेवटी त्यांनाच कंटाळा आला. त्रिशला छान बोलली, थोडक्यात बोलली. वडिलांचं नाव घेतलं नाही. मी पहिल्या रांगेत होते. ती माझ्याकडे बघत होती, पण मी बघितलं की दुसरीकडे बघायची.

खाली उतरल्यावर सेल्फीवाल्यांनी तिला घेरलं. मी कोपरं मारत आत शिरले.

"त्रिशू, कॉलम चढवलाय."

तिचा चेहरा क्षणभर आठ वर्षांच्या पोरीचा झाला. मग पुन्हा शास्त्रज्ञाचा. "आज? उद्या तोडणार आहेत ना तो?"

"म्हणूनच आज."

"आई, मला संध्याकाळी निघायचंय. पुण्याहून रात्रीचं विमान आहे."

"बसला की जा की. मी काय बांधून ठेवणार आहे?"

तिनं घड्याळ बघितलं. मनात हिशेब केला. कॉलमचं गणित तिला माझ्याइतकंच पाठ. "चारपर्यंत बसेल?"

"बसेल."

"बरं. कॉलम बसला की निघते."

"शब्द?"

"शब्द."

प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या ती थांबली आणि नाक वर करून हुंगायला लागली.

"वास येत नाही गं."

"कसला?"

"स्पिरिटचा. इथं नेहमी यायचा. माझ्या दप्तराला, वह्यांना, सगळ्याला यायचा. शाळेत पोरी चिडवायच्या मला."

मी सांगणारच होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी भिंतीवरच्या टोपलीकडे बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, "अगं पण..." म्हणाली, आणि मग मुकाट्यानं फोन बंद करून टोपलीत टाकला. नियम म्हणजे नियम.

सिकंदरभाईंनी भडंगाची परात आणून ठेवली. "घ्या त्रिशूताई. बिनलसणाचं, बिनकांद्याचं. म्हणजे नुसते पिवळे चुरमुरेच म्हणा की."

"मामा, इतकी वर्षं झाली, तुमचा विनोद तोच?"

"तुमचं खाणंपण तेच आहे ना!" असं म्हणून ते बॉयलरकडे गेले.

आम्ही दोघी बसलो. स्टुलं तीच. ती लहान असताना शाळा सुटली की इथंच यायची. अभ्यास करायची, कंटाळायची, दप्तरावर डोकं ठेवून झोपायची. एकदा वैतागून सरांना म्हणाली होती, "एवढं का थांबायचं? मला नाही आवडत थांबायला." सर म्हणाले होते, "मग तूच शोध की काहीतरी, न थांबणारं." मला ते स्पष्ट आठवत होतं. तिला आठवतं की नाही ते विचारायची हिंमत होत नव्हती. बॉयलर म्हणे!

बोललो आम्ही, पण काय? नणंदेची तब्येत. हॉलंडमधली थंडी. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न. रविवारचा फोन जरा लांबला, इतकंच. मधूनमधून ती उठून आकडे बघायची. बोटं भडंगानं पिवळी झालेली, ती रुमालाला पुसायची. काचेच्या भागात ताटल्यांवर बुडबुडे नाचत होते. कॉलम इतका शहाण्यासारखा चालला होता की मला त्याचा राग यायला लागला. म्हटलं, मेल्या, आजच्या दिवशी तरी आढेवेढे घे.

चारच्या सुमाराला लागोपाठ दोन वेळा तेच आकडे आले. ती बॅग आवरायला लागली.

आणखी एकदा तोच आकडा आला की ही उठणार, माझ्या पाया पडणार, 'पुढच्या वेळी' म्हणणार आणि जाणार. उद्या कॉलम नाही. मग हिला बसवून ठेवायला माझ्याकडे उरतंय काय?

"स्टीम बघून येते," मी म्हटलं आणि कॉलमच्या पायथ्याशी गेले. इकडेतिकडे बघितलं. आणि वाफेचा व्हॉल्व्ह थोडासा, अगदी थोडासा उघडला. मधल्या ताटल्यांचं तापमान सरसर वर गेलं. दोन मिनिटांनी मी व्हॉल्व्ह होता तिथं आणून ठेवला. उभ्या नोकरीत पोरांना दम दिला की खोटे आकडे लिहायचे नाहीत. मी आकडा खोटा लिहिला नाही. मी आख्खा कॉलमच बिघडवला.

"अरेच्चा," त्रिशला तापमापकाच्या काट्याकडे बघत म्हणाली, "हलला की."

"हलला का? बघ बाई. म्हातारा झाला."

"हं." तिनं माझ्याकडे बघितलं, मग बॅग खाली ठेवली. "पाणी नीट येतंय का बघते." ती कॉलमच्या मागून एक चक्कर मारून आली आणि पुन्हा स्टुलावर बसली. थोडा वेळ तिचे पाय हलत होते.

मग ती काचेकडे बघतच म्हणाली, "आई, पप्पांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही ना?"

मला आधी कळेचना. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय! याच्याबद्दल." तिनं हातानं कॉलम दाखवला. "मी पडद्याचं सांगितलं त्या दिवशी ते नुसतं 'छान'सुद्धा म्हणाले नाहीत. प्रश्न. किती तास चालला? तेलकट काही आलं तर भोकं बुजतील का? ऊन लागलं तर? आम्ल गेलं तर? मग रोज फोन आणि रोज प्रश्न. मी उत्तर दिलं की दुसरा प्रश्न. शेवटी म्हणाले, एक तुकडा पाठव, तोडून दाखवतो. मी पाठवला. आणि महिन्याच्या आत ते गेले." तिनं बोटं पुन्हा रुमालाला पुसली. "लहानपणी म्हणाले होते, न थांबणारं काहीतरी शोध. मी शोधलं. त्यांचा कॉलमच मारला मी. आणि त्या धक्क्यानं... मग कोणत्या तोंडानं येऊ मी त्या घरात?"

सहा वर्षं! सहा वर्षं ही पोर हे उराशी घेऊन परक्या देशात राहिली आणि मी इथं तिच्या दारावर कोण येतं ते शोधत बसले. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की आधी राग येतो.

"गाढव आहेस!" मी ओरडले. "शिकलं-सवरलेलं गाढव! बाप कळला नाही होय गं तुला तुझा?"

ती दचकली.

"सर 'छान' कुणाला म्हणायचे? ज्याच्याकडून काही आशा नाही त्याला. 'छान, बसा.' निम्म्या पोरांना जन्मभर वाटत राहिलं की सर आपल्यावर खूश होते. आणि ज्याच्यात काही दिसलं त्याला ते प्रश्नांनी सोलून काढायचे. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी मला इतकं सोललं की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यानंतर कांदा-लसणाचं विचारलं. रोज फोन करून प्रश्न विचारत होते म्हणतेस? अगं, त्या महिन्यात त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. जेवता जेवता ताटावर बोटानं भोकं काढायचे."

"मग बोलले का नाहीत?"

"नियम!" मी म्हटलं. "कॉलम बसल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. तुझा तुकडा त्यांनी उकळला, तेलात घातला, आम्लात बुडवला, उन्हात टाकला. नाही तुटला. एक दिवस घरी आले ते गुणगुणत. सरांना तू कधी गुणगुणताना ऐकलंस? मला म्हणाले, 'पद्मा, हरलो. पोरीनं हरवलं.' आणि पेढ्यांचा पुडा काढला खिशातून. चेंगरलेला. मी म्हटलं, फोन लावा तिला. तर म्हणाले, 'महिनाभर चालवून बघतो. मग सांगतो. बिनपुराव्याचं कौतुक आपल्याला चालत नाही.' आठवड्यानं झोपेतच गेले. कुठला धक्का नि कुठलं काय. त्यांच्या वडिलांचं हृदयही असंच थांबलं होतं."

मी तिची हनुवटी धरून मान वर केली. अगदी वर, छताजवळ, जिथं वाफ थंड होते तिथं.

"मघाशी म्हणालीस ना, वास येत नाही? ती नळी दिसतेय तुला, कंडेन्सरच्या टोकाला? हवा जायला मोकळी ठेवलेली असते ती. जन्मभर तिथून थोडं थोडं स्पिरिट उडून जायचं, तोच वास तुझ्या दप्तराला यायचा. सरांनी तुझा पडदा तिथं बसवला. घड्याळाच्या सेलवर चालतो. हवा बाहेर जाते, स्पिरिट परत खाली येतं. सेल सिकंदरभाई बदलतात. सहा वर्षं झाली, इथं वास नाही. महिनाभर चालवून बघणार होते ना? घे. चालला."

तिनं साडीचा पदर खोचला आणि लोखंडी शिडी चढून गेली. मी खालीच उभी राहिले. माझे गुडघे आता शिडीचे राहिले नाहीत. वर ती पाठमोरी बसली होती आणि तिचे खांदे हलताना दिसत होते. मी हाक मारली नाही. तिला काय रडायचं ते तिच्या बापाजवळ रडू दे म्हटलं.

बराच वेळ गेला. मग वरून आवाज आला, "आई! पडद्याभोवती ही कुकरची रिंग आहे?"

"हो! माझीच!" मी ओरडले. "आठवडाभर घर उलथंपालथं केलं मी. कामवाल्या बाईवर आळ घेतला होता बिचारीवर. आणि हे गृहस्थ शेजारी बसून 'मिळेल, मिळेल' म्हणत होते!"

वरून ती हसली. रडतच हसली, पण हसली. ते हसू मी सहा वर्षं ऐकलं नव्हतं.

खाली आली तेव्हा खिडकीतलं ऊन तिरपं झालं होतं. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात; सरांच्या वेळेपासून कॉलमच्या दिवशी डबा इथंच यायचा. मी डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी, दही. ती हात धुऊन माझ्यासमोर मांडी घालून जमिनीवर बसली आणि जेवायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून बघणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"तुझी भाकरी जाड झालीय," ती म्हणाली.

"तुझी जीभ लांब झालीय."

सिकंदरभाई नमाजाला म्हणून गेले. तेवढ्यात दारात तिचा ड्रायव्हर आला. "मॅडम, आता निघायला पाहिजे. पुण्यात ट्रॅफिक असतंय."

त्रिशलानं घास चावत काट्यांकडे मान केली. "कॉलम बसला नाही अजून."

मीही बघितलं. खरंच की. आकडे अजून वरखाली होत होते. मला शंका आली. मी दिलेल्या त्या एवढ्याशा हिसक्यानं कॉलम इतका वेळ हलायला नको होता. तासाभरात सावरायला पाहिजे होता. मला वाईट वाटलं, म्हटलं, शेवटच्या दिवशी खरंच बिघडला की काय! सरांचा कॉलम बिघडलेला जाऊ नये. मी उठले. वाफेचा व्हॉल्व्ह बघितला, मी ठेवला होता तिथंच होता. मग कॉलमच्या मागच्या बाजूला गेले, जिथं थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उघडा होता. माथ्यावर जास्त थंड होत होतं, थंडगार द्रव धबाधबा खाली येत होता, आणि अशानं कॉलम बसणं शक्यच नव्हतं.

सिकंदरभाईंचं काम म्हणावं तर ते व्हॉल्व्हला माझ्या परवानगीशिवाय हात लावत नाहीत. मी चाकाजवळ वाकले. लाल रंगाच्या चाकावर पिवळ्या बोटांचे ठसे होते. तेलकट, हळदीचे. भडंगाचे. वाळलेले.

'पाणी नीट येतंय का बघते' म्हणून ती चक्कर मारून आली होती, ती सरांबद्दल काही बोलण्याच्या आधी. तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं तेव्हा. पोटात तेवढं सगळं घेऊनसुद्धा तिला माझ्याजवळ बसायचंच होतं.

मी पदरानं ते ठसे पुसले. व्हॉल्व्ह होता तसाच ठेवला.

परत आले तेव्हा ती ताट पुसून खात होती. वर न बघता म्हणाली, "काय गं? काय झालंय त्याला?"

"काही नाही. जुना झालाय. वेळ लागणार."

"किती वेळ लागेल म्हणायचा?" ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं विचारलं.

त्रिशलानं माझ्याकडे बघितलं. तिला माझी वाफ कळली होती आणि मला तिचं पाणी.

"आज बसेलसं दिसत नाही," ती त्याला म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या आणि गाडी घेऊन जा. मी घरी जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसकटरवाले आले. तोवर आम्ही घरून आंघोळी करून आलो होतो. त्रिशलानं वर चढून कुकरची रिंग काढली आणि पिशवीत टाकली. पडदा तिथंच राहू दिला, तो तिच्याकडे ढिगानं आहे. मुकादम कॉलमला हात लावायला गेला आणि चटका बसून मागे झाला. आत स्पिरिट, वर धग. अशाला कटर लावता येत नाही.

"गरम आहे अजून," रात्रभर बॉयलर पेटता ठेवलेले सिकंदरभाई त्याला म्हणाले. "थांबावं लागेल." आणि भडंगाची परात त्यांच्यापुढे ठेवली.